टप न उघडलेली गाडी

दुसऱ्यांच्या गाड्या चांगल्या की वाईट हे सांगण्याचे लोक मला पैसे देतात, यावर आमच्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "तू सांगतेस आणि ते ऐकतात?" असं ती विचारायची. तिच्या बोलण्यातले 'ते' म्हणजे पुरुष. ऐकतात म्हटलं की थोडा विचार करून म्हणायची, "मग एखादी गाडी तुला का देत नाहीत?"

वडील मार्केट यार्डात हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी बी.ई. झाले, तेही मेकॅनिकल, आणि हे मी माझ्या कार्डावर, दारावरच्या पाटीवर आणि लग्नाच्या पत्रिकेवरही छापून घेतलं. नवऱ्याच्या नावापुढचं बी.कॉम. राहून गेलं, तो छापखान्याचा दोष. इथेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येमध्ये सांगत बसायला नको. तरी एकदोनदा येईल.

सुरुवातीची वर्षं विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या बघण्यात गेली. मग कर्वेनगरमध्ये एक खोली घेऊन स्वतंत्र काम सुरू केलं. जुनी गाडी घेणारा माणूस मला बोलावतो, मी गाडी बघते आणि घ्या किंवा घेऊ नका असं सांगते. एवढंच काम. मीटरवरचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघते. आधी ब्रेकच्या पेडलचं रबर बघते. ते झिजून गुळगुळीत झालेलं आणि मीटरवरचा आकडा मात्र कोवळा असला, की मीटरला कुणाचा तरी हात लागलेला असतो. बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर दार कधीतरी उतरवलेलं असतं. सीटचा पट्टा अगदी शेवटपर्यंत ओढून बघते. पुरात बुडालेली गाडी सगळीकडून धुतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकाचा गाळ धुवायचं कुणाला सुचत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका गृहस्थांनी गाडीपेक्षा आधीच्या मालकाच्या घराण्याचीच जास्त चौकशी केली. गाडी घ्यायची होती की मुलगी द्यायची होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका निवृत्त प्राध्यापकांना मी "घेऊ नका" म्हटलं. त्यांनी कारणं विचारली, ती त्यांना पटली, आणि त्यांनी तीच गाडी घेतली. निर्णय दुसऱ्याने दिलेला त्यांना चालत नव्हता.

हा लेख मागणाऱ्या संपादकांनी इंजिनांबद्दल लिहा असं सुचवलं होतं. मी जी हकिगत सांगणार आहे तिच्यात एकच इंजिन आहे आणि ते ठणठणीत होतं.

तात्या माझ्या खोलीत आले ते चपला बाहेर काढून. पांढरा लेंगा, टोपी, खांद्यावर उपरणं. कात्रजजवळचं त्यांचं गाव महापालिकेत आलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, बैलांच्या गोठ्यात मुलाचं ऑफिस झालं. तात्या होते तसेच राहिले. खुर्चीच्या अगदी कडेला बसून म्हणाले, "मॅडम, टप नसलेली गाडी पायजे."

"जीप का?"

"जीप नको. जीप झाली करून."

"मग ती उघडणारी, दोन सीटची? पोरं शौकासाठी घेतात ती?"

"शौक कसला ओ. आमच्या हिला गाडी लागती."

आमच्या हिला म्हणजे हौसाबाईंना, त्यांच्या पत्नीला. मी पुढे त्यांना मावशी म्हणायला लागले, तेव्हा इथेही तेच म्हणते. मावशींना मोटारीत बसलं की मळमळ सुरू व्हायची. कात्रजचा बोगदा यायच्या आत पोट रिकामं, आणि त्याच्यापुढे काही उरलेलं नसतानाही उमासे. तात्यांनी मला सगळा इतिहास सांगितला. लिंबू झालं, आलं झालं, गोळ्या झाल्या, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. शेवटी कुणी तरी म्हणालं, मोकळं वारं लागलं तर बरं वाटेल. मग पाहुण्यांची टप काढलेली जीप आणली.

"मागच्या बाकावर बसवली, निवांत वारं खात जाईल म्हणून," तात्या म्हणाले. "शिरवळला सलाइन लावायला लागली."

"उघड्या जीपमध्ये पण?"

"धुरळा उडत हुता ना. आन् डिझेलचा वास."

"मग कशानंच जात नाहीत त्या कुठे?"

"ट्रॅक्टरवर जाती की. माझ्याशेजारी मडगार्डवर बसून जेजुरी करून आली. कायबी झालं न्हाई. म्हंजे वाऱ्याचाच गुण हाय बगा."

मी मान डोलावली. बी.ई. झालेली बाई होते, तरी डोलावली.

खरी अडचण लेकीची होती. लेक पाचगणीला दिलेली. लग्न, पहिलं बाळंतपण सगळं माहेरी पुण्यात झालं, त्यामुळे आईने लेकीचं घर अजून पाहिलं नव्हतं. आता जावयाने नवं घर बांधलं होतं आणि दिवाळी झाल्यावर वास्तुशांत होती. लेकीने फोनवर सांगितलं होतं, "आई आली न्हाई तर मी पाटावर बसणार न्हाई. भटजींना काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"मी म्हनलं, ट्रॅक्टर काढतो," तात्या म्हणाले. "तर म्हनती, तात्या, सासरी मला तोंड दाखवायला जागा ठिवा."

म्हणून टप नसलेली गाडी. पळायला मोटारीसारखी, वाऱ्याला ट्रॅक्टरसारखी.

तात्यांचा मुलगा अमोल याला ही कल्पना इतकी आवडली की आईच्या आजाराबद्दल तो जवळजवळ देवाचे आभार मानत होता. त्याला नवी हवी होती, आणि लाल. आम्ही शोरूममध्ये गेलो. टायवाल्या मुलाने बटण दाबलं, टप आपणहून मागे जाऊन घडी होऊन बसला. तात्यांनी ते पुन्हा करायला लावलं. मग त्या मुलाने सांगितलं की ही फक्त दाखवायची गाडी. पैसे भरल्यावर परदेशातून मागवतात, चारपाच महिने धरून चाला.

"थांबू ना मग," अमोल म्हणाला. "तात्या, ब्रँड न्यू ती ब्रँड न्यू. सेकंडहँड घेतली तर ग्रुपमध्ये काय इज्जत राहील?"

"तुझा ग्रुप जायचाय का पाचगणीला?"

"तसं नाही, पण रिस्क कशाला? मॅडम, तुम्ही सांगा. नवीच घ्यावी ना?"

त्यांना जे सांगितलं ते कुणालाही सांगते. साधी गाडी असेल तर जुनी घेण्यात शहाणपणा असतो, कारण नव्या गाडीची निम्मी किंमत शोरूमच्या पायऱ्या उतरताना जाते. टप उघडणाऱ्या गाडीचं मात्र वेगळं. तिच्यात इंजिनाइतकाच जीव त्या टपात असतो, आणि तो टप बिघडला तर त्या खर्चात दुसरी साधी गाडी येते. नवी घेतली तर टपाची काळजी नाही, पण वास्तुशांत होऊन जाईल. जुनी आज मिळेल, पण टप बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

"ज्याला वढायचंय त्याला जुपून बगायचं," तात्या म्हणाले. बैल घेताना ते तसंच करायचे. "जुनी कुठं हाय?"

जुनी सदाशिव पेठेत होती.

मालक डॉक्टर लेले, डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर. आयुष्यभर स्कूटरवर फिरलेल्या या गृहस्थांनी साठी झाल्यावर एकदाच अविचार केला आणि निळी, दोन सीटची, कापडी टपाची गाडी घेतली. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये ती तीन चादरींखाली उभी होती. मी चादरीला हात घातला तेवढ्यात मागून आवाज आला.

"आपण?"

"गाडी तपासायला आले आहे."

"इंजिनिअर कुठे आहेत?"

"मीच."

"बरं. मग हात धुऊन या."

"डॉक्टर, मी बी.ई. मेकॅनिकल आहे."

"हात बी.ई.चेही मळतात."

मी हात धुऊन आले.

तात्या, अमोल आणि मावशी त्यांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीतून आले. मावशींना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या मागच्या दारातून उतरल्या आणि पदर तोंडाला लावून थेट जिन्याच्या पायरीवर बसल्या. चेहरा पिवळा पडला होता. डॉक्टरांनी न बोलता वर जाऊन आलेपाकाची वडी आणून दिली आणि म्हणाले, "चघळा. गिळू नका. आणि गाडीपासून लांब बसा."

गाडी मात्र सुरेख होती. इंजिनाचा आवाज सूत कातल्यासारखा. खाली तेलाचा थेंब नाही, पेडलचं रबर नव्यासारखं, पट्टे स्वच्छ. मी खूश होऊन टपाच्या बटणाकडे हात नेला.

"ते नको," डॉक्टर म्हणाले.

"का?"

"उघडत नाही मी ती."

"कधीच?"

"घेतली त्या दिवशी उघडली होती. लक्ष्मी रोडपर्यंत गेलो. एका कावळ्याने दखल घेतली. त्यानंतर नाही. धूळ, ऊन, कावळे आणि ओळखीची माणसं, या चारांपासून ही गाडी मी वाचवली आहे."

मी बटण दाबलं. आतून कुणीतरी झोपेत कण्हल्यासारखा आवाज आला. टप बोटभर हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तर आवाजही नाही.

कापडी टप म्हणजे मोठी छत्रीच. वर्षानुवर्षं न उघडलेली छत्री उघडायला गेलात तर काय होतं ते घरी करून बघा. टपाच्या कडेची रबरं एकमेकांना चिकटून बसतात, तो उचलणाऱ्या नळ्यांमधलं तेल आटतं, कापडाच्या घड्या कडक होतात. उघडझाप होत राहिली तरच हे सगळं जिवंत राहतं. वापरून फाटलेले टप मी पुष्कळ पाहिले होते, न वापरून मेलेला हा पहिलाच.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही गाडी जपून जपून बिघडवलीत."

"बाई, वापरून बिघडवणारे पुष्कळ आहेत. त्यात माझी भर कशाला?"

मी तात्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. सुटे भाग बाहेरून येणार, म्हणजे याही गाडीचा टप वास्तुशांतीआधी उघडत नाही. नवी वेळेवर येत नाही, जुनी उघडत नाही. दोन्ही सोडा. अमोल लगेच म्हणाला, मग नवी बुक करू. पायरीवरून मावशी म्हणाल्या, "आता आलोय तर चालवून तर बगा. मी बसते तिच्यात. घरी जायचंच हाय, त्या गाडीत मेले काय न् ह्या गाडीत मेले काय."

तात्यांनी बैल पारखायचा नियम सांगितल्यावर डॉक्टर तयार झाले, पण एका अटीवर: ते स्वतः मागून पांढऱ्या गाडीतून येणार. निळ्या गाडीत तात्या आणि मावशी. पांढरी अमोल चालवणार. डॉक्टर कुणाला न विचारता पुढे जाऊन बसले. मी कुणी न सांगता मागे बसले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

स्वारगेट, बालाजीनगर, कात्रज. निळी गाडी पुढे, तिच्यावर नजर ठेवून डॉक्टर. "गिअर चुकवला. पुन्हा चुकवला. ट्रॅक्टर वाटला की काय त्यांना?" गावाचा फाटा आला. तात्या वळले नाहीत. सरळ जुन्या घाटात शिरले.

"तात्या कुठं चालले?" अमोल म्हणाला.

"माझी गाडी घेऊन चालले," डॉक्टर म्हणाले.

घाट सुरू झाला. माझ्यासमोर डॉक्टरांच्या सीटची पाठ आणि तिच्यावर डॉक्टरांचं डोकं. आरशाला टांगलेल्या अत्तराच्या कुपीचा गोड वास. वळण कधी येतंय ते दिसत नव्हतं, आल्यावरच कळत होतं. मी आयुष्यभर गाड्यांमध्ये वावरलेली बाई, पण एक तर चालवणारी, नाहीतर चालवणाऱ्याशेजारी बसून आवाज ऐकणारी. तिसऱ्या वळणावर घशाशी आंबट आलं. पुढच्या सीटच्या पाठीला खिसा होता, त्यात हात घातला. आत एक सुकलेलं लिंबू आणि नीट घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. त्यातली एक कामी आली.

डॉक्टर मागे वळून म्हणाले, "बी.ई.लाही लागते का?"

बोगद्याच्या अलीकडे निळी गाडी उभी होती. तात्या बॉनेटकडे कौतुकाने बघत होते. मावशी कठड्याला टेकून भाजलेल्या शेंगा खात होत्या. तोंडावर चांगलं तेज होतं. मला बघून त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली.

मग सगळे शोध लावायला लागले. तात्या म्हणाले, "जमिनीलगत चालती, बैलगाडीवानी. म्हणून लागत न्हाई." अमोल म्हणाला, "तात्या, सस्पेन्शन. इम्पोर्टेड आहे ते." डॉक्टर म्हणाले, "निगा. निगा राखलेल्या गाडीत कुणाला काही होत नाही." मी चूळ भरत होते, आणि माझ्या डोक्यात जेजुरी आणि शिरवळ शेजारी शेजारी येऊन बसली. ट्रॅक्टरवर मावशी तात्यांच्या शेजारी. जीपमध्ये मागच्या बाकावर. पुढे बसलं की वळण डोळ्यांना आधी कळतं, पोटाला मागाहून. मागे बसलेल्याच्या पोटाला आधी कळतं आणि डोळ्यांना कळतच नाही. वाऱ्याचा गुण नव्हता, टपाचा नव्हता, निगेचा तर नव्हताच. पांढऱ्या गाडीत मावशींना पुढे बसवलं की काम झालं. नवी नको, जुनी नको, एक पैचा खर्च नको.

माझं तोंड उघडलं होतं. मावशींनी माझा दंड धरला. "ताईंना अजून बरं वाटंना. जरा तिकडं सावलीत नेते." आणि झाडाखाली नेऊन हळूच म्हणाल्या, "कळलं ना तुम्हाला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"लई दिवस झाले. माझ्या भावाच्या गाडीत एकदा पुढं बसलेली मी. फलटणला जाऊन आलो. कायबी झालं न्हाई."

"मग घरी सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. ह्यांना ते वाऱ्याचंच वाटतं, तरी म्हनलं की बसवत्यात ना पुढं. फाट्यापातूर. फाट्यावर कोन ना कोन भेटतंच. कवा सरपंच, कवा पाव्हणा, कवा जावई. मग अमोल म्हणतो, आई, जरा मागं सरक. मी सरकती. काय भांडू? पाव्हण्याला मागं बसवलं तर ह्यांचीच मान खाली." त्यांनी निळ्या गाडीकडे बोट केलं. "ह्या गाडीला मागं जागाच न्हाई. कुनी सरक म्हनलं तर मी सरकू कुठं?"

मी वळून पांढऱ्या गाडीकडे बघितलं.

"तुम्हाला गाडी बगायला बोलावलंय ना?" मावशी म्हणाल्या. "मग गाडीचं तेवढं सांगा. घरचं मी बगते."

मी तोंडावर बोलणारी म्हणून ओळखली जाते. गाडी वाईट असेल तर मालकासमोर वाईट म्हणते, आणि त्यापायी काही ओळखी गेल्या आहेत. पण मला बोलावलं होतं गाडीची तपासणी करायला. त्या घराची तपासणी कुणी सांगितली नव्हती. परत आले आणि म्हटलं, "तात्या, जुनी घ्या."

"आन् टप?"

"टपाला हात लावू नका. आहे तसाच बंद राहू दे. इंजिन उत्तम आहे, गाडी आज मिळतेय, आणि मावशींना बंद टपात काही झालं नाही हे तुम्ही आत्ता डोळ्यांनी बघितलंत. दुरुस्तीला दिलीत तर वास्तुशांत गॅरेजमध्ये होईल."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

अमोलचा चेहरा पडला. "मॅडम, कन्व्हर्टिबल घ्यायची आणि ओपनच करायची नाही?"

"मी इतकी वर्षं तेच केलं," डॉक्टर म्हणाले. "काही अडत नाही."

"फक्त," मी डॉक्टरांकडे बघून म्हटलं, "टप मेलाय, हे किमतीत दिसलं पाहिजे."

इथे माझं काम संपायला हवं होतं, पण त्यानंतर जे बघायला मिळालं ते माझ्या धंद्यात पुन्हा कधी दिसलं नाही. तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात डॉक्टरांपुढे धरला.

डॉक्टर म्हणाले, "नाडी बघायची आहे का? मी डोळ्यांचा डॉक्टर आहे."

"सौदा करायचाय. बैलाच्या बाजारात असाच करत्यात. हात आत घाला. बोटं धरून भाव सांगायचा, पटला तर मान हलवायची, न्हाई पटला तर बोट सोडायचं. तोंडानं बोलायचं न्हाई. म्हंजे भवतालच्या कुणाला कळत न्हाई. ह्या पोराला न्हाई, मॅडमना न्हाई."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "आणि घरी?"

"घरी तुम्ही सांगाल तेवढंच."

डॉक्टरांचा हात उपरण्याखाली गेला.

घाटातल्या कठड्यापाशी एक इस्त्रीचा बुशशर्ट आणि एक गांधीटोपी, मध्ये उपरणं, आणि उपरण्याखाली काहीतरी चुळबुळ. जाणाऱ्या ट्रकवाल्याने वेग कमी करून बघून घेतलं. डॉक्टरांनी एकदा डोळे मोठे केले. एकदा तात्यांनी दुखल्यासारखा चेहरा केला.

"हे बोट एकदा दाबलंत की दोनदा?"

"बोलायचं न्हाई."

"आणि टपाचं काय?"

"ते ह्या बोटात आलं."

"कोणत्या?"

"डॉक्टर, बोलायचं न्हाई."

शेवटी दोघांनीही एकदमच मान हलवली. डॉक्टर हात बाहेर काढून बोटांकडे बघत म्हणाले, "ही पद्धत चांगली आहे. आम्ही उगाच बोलत बसतो." गाड्यांच्या किमती सांगण्यावर माझं घर चाललं, पण या एका गाडीची किंमत मला आजतागायत माहीत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी निळी गाडी माझ्या दाराशी येऊन थांबली. टप बंद. तात्या सीटमध्ये अडकल्यासारखे झाले होते, ते बाहेर यायच्या आत मावशी दुसऱ्या दाराने उतरून स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन वर आल्याही होत्या. वास्तुशांत झाली. पसरणीच्या घाटात तात्यांचीच मान आखडली, मावशींना काही नाही. लेक पाटावर बसली, मग रडली, मग आईला घरातली सगळी कपाटं उघडून दाखवली.

त्या पांढऱ्या गाडीच्या पुढच्या सीटचं मात्र मी काहीच करू शकले नाही, आणि ते मला अजून बोचतं. एका बाईला आपल्या घरच्या गाडीत पुढे बसायला मिळावं म्हणून परदेशी गाडी घ्यावी लागली, हे मी बी.ई.च्या कुठल्याच विषयात शिकले नव्हते. असं काहीसं मी मावशींना बोलून दाखवलं, तर त्यांना ते फारसं रुचलं नाही. त्यांना पुढची गोष्ट सांगायची होती.

"निघताना काय झालं सांगू? व्याही पिशवी घेऊन गाडीपाशी येऊन उभे. म्हनले, चला, मीबी येतो पुण्यापातूर, तिकडं काम हाय. सगळे गप. जावई गप. लेक खाली बगायला लागली. ह्यांनी माझ्याकडं बगितलं."

"मग?"

"मग काय? मी पट्टा लावला."

"आणि व्याही?"

"यष्टीनं आले. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली म्हनं, एकदम पुढची. कायबी झालं न्हाई त्यांना."